दोनदा बोलणारी

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारी फुलवाली तमिळच बोलते, आणि तेही प्रत्येक वाक्य दोनदा. "ये अम्मा, ये अम्मा. मोगरा ताजा आहे, मोगरा ताजा आहे." बोलताना वर बघत नाही, बोटं आपली गाठी मारत असतात. गजरा कोपरापासून बोटांपर्यंत मोजते आणि वर चार कळ्या जास्त सोडते.

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली, पण अजून एक शब्द बोललेली नाही. घरात मराठी, जिन्यात तमिळ, मोबाइलवर इंग्रजी; गोंधळली असेल, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. फुलवालीलाही सांगितलं होतं. तिनं नुसती पुढची गाठ मारली.

काल संध्याकाळी पोर टोपलीपाशी बसून कळ्या चिवडत होती. फुलवाली उठली, पोरीच्या पाठीमागे गेली आणि डब्याचं स्टीलचं झाकण तिनं पायरीवर आपटलं. भिंतीवरचे कावळे उडाले. मी दचकले. पोर कळ्या वेचत राहिली.

फुलवालीनं झाकण पदराला पुसलं. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "उद्या सकाळीच कानाच्या डॉक्टरकडे ने, अम्मा."

एकदाच म्हणाली.

घरी येताना पोर माझ्यापुढे जिना चढत होती. किल्ल्या माझ्या हातात होत्या. त्या वाजू नयेत म्हणून मी मूठ घट्ट आवळून धरली.