शनिवारची बस आणि भिजलेले गहू

"मॅडम, शनिवारची बस पुढच्या शनिवारी घेता येईल का?"

शिरसाठांनी गुरुवारी सकाळी फोनवर हे इतक्या सहज विचारलं, की मला आधी वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मे महिना, लग्नसराई भरात, आणि यांना बस पुढे ढकलून हवी होती. मी हातातला चहा खाली ठेवला, कारण तो आता गरम प्यायला मिळणार नव्हता.

आधी माझं काम सांगते. गंगापूर रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं छोटं ऑफिस आहे. शाळांना सुट्ट्या लागल्या की मी कुटुंबांच्या एक दिवसाच्या सहली ठरवून देते. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. हॉटेल नाही, मुक्काम नाही. माझे क्लायंट म्हणजे कामगार, क्लार्क, शिक्षक. त्यांना मुलांना कुठेतरी न्यायचं असतं, आणि ते परवडलंही पाहिजे. हे ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघा.

शिरसाठ सातपूरकडच्या एका कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष. कंपनीत सुपरवायझर. त्यांच्यासह मंडळाची सगळी कमिटी एप्रिलमध्ये माझ्या ऑफिसात आली होती. सगळे पुरुष, बहुतेक सुपरवायझरच. मुलं दिवसभर घरात मोबाईल घेऊन पडलेली असतात, त्यांना एक दिवस बाहेर काढा, एवढं म्हणणं होतं. मग वाद सुरू. एकाला वॉटर पार्क हवं होतं, पण तिकिटाचा आकडा ऐकून तोच गप्प झाला. एकाला देवदर्शन हवं होतं, पण मुलं रांगेत उभी राहायला तयार नव्हती. शेवटी मी चांदवडचं बाळूअण्णांचं शेत सुचवलं. आंब्याची झाडं, बांधावर सपाट काळा खडक, आणि विहिरीच्या मोटारीचं पाणी जाड पाइपातून सिमेंटच्या हौदात पडतं. त्या धारेखाली मुलं तासन् तास उभी राहतात. जेवण घरून न्यायचं. सगळ्यांना पटलं.

"घरच्या बायकांना तारीख विचारलीत का?" मी तेव्हा विचारलं होतं. मी प्रत्येकाला विचारते.

"त्यांना काय विचारायचं मॅडम? सहल म्हटल्यावर त्या खूशच," शिरसाठ म्हणाले होते.

तारखेचं गणित असं होतं. या सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. आणि मे महिन्यातले शनिवार बसवाल्यांकडे वऱ्हाडाने भरलेले. एकच शनिवार मोकळा सापडला. आमच्या धंद्यात 'होल्ड' म्हणजे गाडी नुसती शब्दावर थांबवणं. दुसरं मोठं गिऱ्हाईक आलं की होल्ड गेला. 'कन्फर्म' म्हणजे पैसे भरून गाडी आपली. मी ही गाडी कन्फर्म केली होती. महिनाभर आधी.

"का ढकलायची?" मी फोनवर विचारलं.

"ते... घरी गहू भिजलेत."

"कसले गहू?"

"कुरडयांचे."

मी कपाळावर हात मारला. ज्यांच्या घरी कुरडया होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते दळून त्यांचा चीक काढायचा, म्हणजे दुधासारखा पांढरा घट्ट रस. तो रात्रभर स्थिर ठेवायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा चीक शिजवून गरम गरम सोऱ्यातून उन्हात गोल गोल घालायचा. यात मध्ये थांबता येत नाही. एक दिवस उशीर केला तर सगळं आंबतं आणि वर्षाच्या कुरडया मोरीत जातात. त्यात त्या कॉलनीतला चक्कीवाला ओले गहू फक्त शुक्रवारी दळून देतो, कारण नंतर त्याला अख्खी चक्की धुवावी लागते. म्हणजे शुक्रवारी दळण आणि शनिवारी सकाळी कुरडया. सगळ्या गल्लीच्या, एकाच गच्चीवर. शिरसाठांच्या गच्चीवर.

"शिरसाठ, गहू कुठे भिजत ठेवलेत?"

"आमच्या मोरीतच. दोन मोठी पातेली आहेत."

"तुम्ही रोज अंघोळ कुठे करता?"

"बघा काहीतरी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी बसच्या मालकाला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, पुढचा शनिवार विचारूच नका, लग्नाची दाट तिथ आहे. आणखी तीन ठिकाणी विचारलं. एकजण मिनी बस देतो म्हणाला, ती निम्म्या लोकांनाही पुरली नसती. संध्याकाळी मी रागारागात स्कूटर काढली आणि थेट कॉलनीत गेले.

कमिटी शिरसाठांच्या अंगणात खुर्च्या टाकून बसली होती. तोडगाही तयार होता.

"बायका थांबतील घरी. आम्ही पोरांना घेऊन जातो," एकजण म्हणाला.

"कोणाच्या मुलाला उन्हाचा त्रास होतो, कोणाला गाडी लागते, माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"पोरांनाच विचारू की."

शिरसाठांच्या पत्नी, शोभावहिनी, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सिन्नरकडच्या, अंगाने बारीक, आवाज खणखणीत. त्यांच्या मागे त्यांची सातवीतली मुलगी फुगून बसलेली.

"आई नाही तर मी पण नाही," ती म्हणाली. "दरवर्षी आपलं कुठे जायचं ठरलं की आई घरी."

"वहिनी, तुम्हाला तारीख माहीत नव्हती?" मी विचारलं.

"मला मंगळवारी गहू भिजवल्यावर कळलं. यांनी महिनाभर सांगितलंच नाय. म्हणे सरप्राइज," शोभावहिनी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मॅडम, दरवर्षी सगळ्यांच्या कुरडया माझ्या गच्चीवर. दुपारी बाकीच्या घरी जाऊन पडतात. कावळ्यांना हाकलायला काठी घेऊन मीच बसते. पोरीने मोबाईलात त्या पाण्याचा फोटो दाखवला. म्हटलं, आपण पण एकदा उभं राहावं त्याच्याखाली. कोणी हाक न मारता."

कमिटीतला एकजण खाकरला आणि म्हणाला, कुरडया बाजारात विकत मिळतात. त्याच्याकडे वहिनींनी ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर तो शनिवारपर्यंत बोलला नाही.

मला आता हसावं की रडावं कळेना. महिनाभर मी बस, शेत, औषधांची पेटी सगळं बघितलं होतं आणि अडलं होतं गव्हापाशी. मी वैतागून म्हणाले, "मग आता एकच उरलं. गहूच घ्या बसमध्ये."

मी टोमणा मारला होता. शोभावहिनींनी तो सरळ घेतला.

"तिथं खडक हाय म्हणे ना? ऊन चांगलं येतं?"

"वहिनी, मी चेष्टेत..."

"पाणी हाय, ऊन हाय, जागा हाय. शेगडी आम्ही घेतो. वरचं पाणी ओतून टाकलं की चीक दुधाच्या कॅनमध्ये बसतो."

मी बाळूअण्णांना फोन लावला. मनातून वाटत होतं, ते नाही म्हणतील आणि मी सुटेन. अण्णा म्हणाले, "या की. खडक झाडून ठेवतो. आमच्या मालकिणीला लय आवडंल. फक्त आमच्या शेरड्या मोकळ्या असत्यात, ध्यान ठेवा."

शनिवारी सकाळी बसपाशी जे सामान जमलं ते बघून ड्रायव्हर शकीलभाई खाली उतरले. मोठमोठी पातेली, तीन सोरे, शेगडी, जुन्या साड्यांचं गाठोडं, ढवळायला लाकडी दांडा, आणि दुधाच्या कॅन.

"मॅडम, ये सहल है की शिफ्टिंग?"

"मलाही माहीत नाही. सिलिंडर तेवढा बसमध्ये घेऊ नका," मी म्हणाले. शेगडीला लागणारा सिलिंडर अण्णांच्या घरचा वापरायचं ठरलं. कॅन बायकांनी पायांच्या मध्ये धरल्या. प्रत्येक स्पीडब्रेकरला मागून एकच आवाज यायचा, "शकीलभाई, सावकाश."

चांदवडला पोचताच मुलं हौदाकडे पळाली आणि बायका शेगडीकडे. पुरुषांनी आंब्याखाली सतरंजी टाकून पत्ते काढले. मी एका बाजूला उभी राहून बघत होते आणि माझं डोकं फिरत होतं. उन्हात भांड्याशी घाम गाळायचा, तो घरी काय आणि चांदवडला काय. एवढा खटाटोप मी यासाठी केला होता का? मुलांना तेवढं सुख मिळालं. हौदातून अधूनमधून येऊन ती वाटीत गरम चीक, वर तूप आणि साखर घेऊन जात होती.

दुपार व्हायच्या आत शेवटची कुरडई खडकावरच्या साडीवर पडली. शोभावहिनींनी हात धुतले, खडकाशी पडलेली एक काठी उचलली आणि आंब्याखाली गेल्या. काठी त्यांनी शिरसाठांच्या पत्त्यांवर ठेवली.

"हे काय?" शिरसाठ म्हणाले.

"राखण. कावळे, कोंबड्या आणि अण्णांच्या शेरड्या. आता तुम्ही बसा."

"अगं, डाव अर्धा..."

पण त्या हौदाकडे निघाल्या होत्या. त्यांच्या मागे बाकीच्या. अंगावरच्या साड्यांसकट सगळ्या त्या धारेखाली उभ्या राहिल्या. मुलीने आईला पाइपाच्या अगदी खाली ओढलं. शोभावहिनींनी डोळे मिटले. मला फार बरं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा.

पाऊण तास गेला असेल. जेवण करून पुरुष सुस्तावले होते. अध्यक्ष काठी मांडीवर घेऊन खडकाच्या कडेला बसले होते, मान एका बाजूला कललेली. मी जेवणाची पानं गोळा करत होते आणि मचमच आवाज आला. दोन शेरड्या साडीच्या मधोमध उभ्या होत्या आणि शांतपणे खात होत्या.

शिरसाठ धडपडत उठले. एक शेरडी पळाली, दुसरी साडी पायात अडकवून घेऊन पळाली. सगळी कमिटी तिच्यामागे. मी आयुष्यात इतक्या सुपरवायझरांना एकत्र धावताना पाहिलं नव्हतं.

"शोभा," शिरसाठ हौदाच्या दिशेने ओरडले, "शेरडीने खाल्ल्या. एक साडीभर गेल्या. इकडे ये."

वर्षभराची कुरडई म्हणजे काय ते मला माहीत होतं. मला वाटलं, आता या उठतील, पदर खोचून धावतील आणि दिवस संपेल.

शोभावहिनींनी डोळे उघडले. त्या हलल्या नाहीत.

"राखणीला कोण होतं?" त्यांनी विचारलं.

शिरसाठ काठी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"मग उरलेल्या बघा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाइपाखाली सरकल्या.

दुपारभर सगळी कमिटी उन्हात खडकाभोवती बसून होती. कोणीही डुलकी काढली नाही. संध्याकाळी अर्धवट वाळलेल्या कुरडया टोपल्यांत भरून, मांडीवर धरून आम्ही परत आलो. उरलेलं वाळवण दुसऱ्या दिवशी गच्चीवर झालं. तेही शिरसाठांनी राखलं, असं मुलीने मला फोनवर सांगितलं.

यंदा मार्चमध्येच त्या कॉलनीतून फोन आला. शिरसाठ नव्हते, शोभावहिनी होत्या. त्यांनी जागा विचारली नाही, पैसेही विचारले नाहीत. "मॅडम, कुठला शनिवार मोकळा हाय ते सांगा. त्या हिशोबाने गहू भिजवते," म्हणाल्या.

मी आता उन्हाळ्याचं कुठलंही बुकिंग घेताना किती माणसं आणि बजेट काय, हे नंतर विचारते. आधी फोन घरातल्या बाईकडे द्यायला सांगते. निम्मे पुरुष अजूनही विचारतात, "का? सरप्राइज द्यायचं होतं." मी म्हणते, मोरीत जाऊन बघून या.