आक्काला बोलावणं गेलं नाही

इकडं सरक गं, जवळ बस. कामाला नांदेडला येतीस आणि मावशीच्या दारात चपला घालूनच उभी राहतीस. आईनं बजावलंय ना, टेकू नको म्हणून? टेक. तिनं तुला अर्धंच सांगितलं असंल.

आपल्याकडं नुसत्या आवतनावर कुणी जेवायला जात न्हाई. आवतन आधी देतात. पान वाढायच्या वेळंला घरचं माणूस पुन्हा दारात येऊन ‘चला’ म्हणतं, ते बोलावणं. त्याच्याबिगर जो जाईल तो हावरा, अन् जो धाडणार न्हाई तो माजलेला.

माझा लेक ह्याच कामात हाय असं मला वाटायचं. घरी बसून तो देशोदेशीच्या लोकांशी बोलतो. मेल आला, कॅलेंडरातली वेळ बदलली, तर फोनला कळायचं कसं, ह्याचा सगळ्या कंपन्यांसाठी एकच नियम ते सगळे मिळून लिहून राहिलेत.

“काही फोन सारखे विचारत बसतात, आलं का काही, आलं का काही,” त्यानं मला समजावलं. “न विचारता तिकडूनच हाक यावी.”

“म्हणजे बोलावणं.”

“हाव आई, तेच.”

मला लई कौतुक वाटलं.

ह्या घराच्या वास्तुशांतीचं आवतन त्यानं कॅलेंडरातूनच धाडलं. आक्कानं, तुझ्या आईनं, फोनात ‘येते’ दाबलं. मग गुरुजींनी दुपारचा मुहूर्त सकाळी ओढला. मी म्हणलं, आक्काला फोन लावते.

“कॅलेंडरात वेळ बदललीय मी,” लेक म्हणला. “ सगळ्यांना आपोआप कळंल. तू पुन्हा सांगून घोळ घालू नको.”

तुझ्या आईचा मेल दुसऱ्या कंपनीचा. तिथं हाक येत न्हाई, आपणच उघडून बघावं लागतं. आक्का लातूरहून एसटीनं दुपारी आली, हातात आहेराची पिशवी. आचारी पातेली घासत होते.

लेकानं आधी तिला पाटावर बसवावं का न्हाई? त्यानं समजावायला घेतलं. “मावशी, तुमची कंपनी अजून आमचा नियम पाळत न्हाई.”

आक्का म्हणली, “मग तुमचं त्यांचं ठरू दे बाबा. ठरलं की बोलाव, तवा जेवते.”

पिशवी ओट्यावर ठेवली अन् पाणीही न घेता गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गिळलं असतं मी. पुढच्या मीटिंगीत लेकानं हेच उदाहरण सांगितलं. स्क्रीनवरची माणसं हसली. मी चहा घेऊन मागं उभी होते. इंग्रजी कळत न्हाई मला, पण ‘मावशी’ कळलं, हसणंही कळलं.

“कामाला आलं बघ आई,” तो म्हणला. “नियम पाहिजेच, हे सगळ्यांना पटलं.”

माझी बहीण उपाशी गेली, ते कामाला आलं. त्यांच्या मसुद्यात ती हाय म्हणे, नुसती ‘एक पाहुणी’ म्हणून. नियम अजून ठरून राहिलाय. मी आक्काला फोन लावते. वाजतो. उचलत न्हाई.

लातूरला जाऊन मीच तिच्या दारात उभी राहणार होते. पण तिनं दार लोटून घेतलं तर परत यायचं बळ न्हाई गं माझ्यात. तू सांग तिला, मावशीनं तोंडानं बोलावलंय. घेऊन ये तिला, लवकर ये. तुम्ही आल्यावरच पानं वाढीन.