दहा लाख नऊ

दादाला शेवटचं भेटले ते इस्पितळात. आज सांगायचंच, असं मनाशी ठरवून गेले होते. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "बाय, चहा घेतलास?" घेतला म्हटलं, त्याची चादर सारखी केली आणि न सांगताच परतले... चौथ्या दिवशी तो गेला. त्याला आता सहा आठवडे होत आले.

सांगायचं होतं ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या एका दुपारचं. लालबागच्या आमच्या चाळीखालून दादाचे मित्र त्याला हाका मारत होते आणि नाक्यावर गोळीबार सुरू झाला होता. दादा कॉलेजात, मी मॅट्रिकला. तो उठून चपला शोधायला लागला, तशी आई दाराला पाठ लावून बसली. "हातातला काम पुरा कर, मगे जा," एवढंच म्हणाली. अर्धवट टाकून उठणं दादाच्या स्वभावात नव्हतं, हे ती ओळखून होती. हातातलं काम म्हणजे एक संख्या, दहा लाख नऊ. तिला कशाने भाग जातो का, हे त्याच्या सरांनी शोधायला सांगितलं होतं. हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं, म्हणजे एकशे अडुसष्ट भागाकार. "बाय, तूही बस. एकाने जरी भाग गेला तरी काम संपलं, मी सुटलो," दादा म्हणाला. एकाच वहीत एक भागाकार तो करी, पुढचा मी.

सतरा, एकोणीस, तेवीस... बाहेर आवाज झाला की दादाची पेन्सिल थांबे आणि आईची नजर त्याच्या पायांकडे जाई. दोनशे त्र्याण्णव माझ्या वाट्याला आला. खाली शून्य उरलं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा शून्य.

"किती?"

"चार उरले," मी म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं. भागाकारात मी पक्की, असं तोच सगळ्यांना सांगत असे. तेव्हा माझं उत्तर तो तपासणार नाही, असं मी धरून चालले. त्याने वही ओढून घेतली, बराच वेळ समासात काहीतरी मांडलं आणि म्हणाला, "आता माझा, तीनशे सात."

नऊशे सत्त्याण्णव झाला तेव्हा संध्याकाळ झाली होती, रस्ता गप्प होता. खालून हाका मारणाऱ्यांपैकी एकजण परत आला नाही. सरांनी भर वर्गात दादाचं उत्तर चुकीचं ठरवलं, तेव्हाही त्याने माझं नाव घेतलं नाही. माझ्या खोटेपणाने त्याला मित्राच्या वेळेला घरात कोंडलं, हे मी जन्मभर उराशी घेऊन बसले.

परवा वहिनीने त्याच्या कपाटातली ती वही मला दिली. माझ्या 'चार'शेजारी, समासात, त्याची पेन्सिल आहे. हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. त्याखाली नऊशे बहात्तरचा वर्ग अधिक दोनशे पस्तीसचा वर्ग. दोन्ही बेरजा दहा लाख नऊच. जी संख्या अशी दोन वर्गांतून दोन तऱ्हांनी बनते तिला भाग जातोच, हे पुढे त्यानेच मला शिकवलं होतं. मला त्याचा रागच आला... इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस रे. वर्गांच्या खाली, बारीक अक्षरात, दादाने लिहिलंय:

"२९३ ने जातो. बाय चार म्हणते. बसतो."