फाइना गोर्देयेव्नांची मोजणी

उस्त-पेल्मा गावात ज्याला म्हणून स्कीवर उभं राहता येतं, त्याला फाइना गोर्देयेव्नांनी कधी ना कधी मानगुटीला धरून बर्फातून उठवलेलं आहे. शाळेचे हेडमास्तर, पाववाली, लाकडाच्या वखारीचा मुकादम, सगळे त्यांच्याच हाताखालून गेले. बाई स्वतः नदीपलीकडच्या वाडीतल्या. पहिलीपासून सात किलोमीटर स्कीवरून शाळेत येत, कारण हिवाळ्यात दुसरा रस्ताच नव्हता. पुढे जिल्ह्याच्या शर्यतीत तीनदा पहिल्या आल्या, एकदा प्रांताच्या शर्यतीला गेल्या आणि तिथून मोडकी करंगळी घेऊन परतल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. एकतीस वर्षं त्यांनी हिवाळ्यातला खेळाचा तास जंगलात घेतला, आणि एकतीस वर्षांत एक मूल हरवलं नाही. हे त्या स्वतः सांगत नसत. दुसरं कोणी सांगू लागलं तर मात्र मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत.

गेले दोन हिवाळे त्यांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरात, शाळेच्या व्हरांड्यात निभून जाई. पण बर्फावर ऊन पडलं की सगळं ताकात बुडाल्यासारखं होई आणि मुलं म्हणजे नुसते हलणारे डाग. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या गप्प होत्या. वर्षाच्या तपासणीत डॉक्टरीण तक्त्यावर काठी टेकवी आणि बाई घडाघडा म्हणत, "श, ब. म, न, क." सगळ्या देशात तो एकच तक्ता, निम्म्या गावाला पाठ. "डोळे पोरीसारखे आहेत हो तुमचे," असं डॉक्टरीण म्हणाली त्या दिवशी बाईंना घरी येऊन जेवण गेलं नाही. शस्त्रक्रिया करायची तर कागद शाळेत जाणार, आणि कागद गेला की जंगल सुटणार. जूनमध्ये निवृत्ती होती. तेवढं रेटायचं होतं.

पण रोज सकाळी कानटोपी बांधून त्या दाराशी थांबत. आज नाही ना, आज नाही ना, असं मनात घोकतच त्या दार ओढून घेत.

सगळा भार मोजणीवर होता. तास सुरू होताना, अर्ध्यावर आणि संपताना मुलं रांगेत उभी राहत. पहिला मान वळवून म्हणे "एक", शेजारचा "दोन", आणि शेवटचा एक पाऊल पुढे येऊन ओरडे, "मोजणी पूर्ण!" हे प्रत्येक शाळेत चालतं. इतर मास्तर त्याबरोबर रांगेवरून नजरही फिरवतात, बाईंना नुसता कान होता.

तो फेब्रुवारीतला गुरुवार. उणे सोळा. अठरा असतं तर तास रद्द झाला असता, आणि खरं सांगायचं तर बाई पहाटेपासून त्या दोन अंशांची वाट बघत होत्या. पाचवीची एकवीस मुलं. जंगलातून दोन फेऱ्या. पहिली फेरी झाली, रांग लागली, मोजणी खणखणीत झाली, एकवीस. बाईंनी श्वास सोडला आणि दुसऱ्या फेरीला धाडलं.

दुसरी फेरी संपली. "आठ." "नऊ." "दहा."

पुढे काहीच नाही.

"अकरा कोण? झोपलीस का ग्लाफिरा?"

रांगेतून हुंदका आला. तो बाराव्या नंबरचा होता, रिम्माचा. ती आणि ग्लाफिरा, मुलांची ग्लाशा, म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या.

"फाइना गोर्देयेव्ना, ग्लाशा नाहीये."

"नाहीये म्हणजे? अर्ध्यावर अकरा आला होता, मी ऐकला!"

"तो मीच म्हटला. आवाज बदलून. ती गवताच्या कोठारापासून आडवाटेनं गेली. नेहमी शेवटी येते म्हणून सगळे हसतात तिला. दुसरी फेरी संपताना गपचूप येऊन मिळणार होती."

आडवाट मारणं ही युक्ती उस्त-पेल्माइतकीच जुनी. पण त्या वाटेवर ओढा होता, आणि यंदा बॉयलरघराचं गरम पाणी त्यात सोडलं होतं. वरून बर्फ भरभक्कम दिसे, खाली पोकळ. बाईंनी हिशेब केला. पाऊण तास! त्या पोरीला जाऊन पाऊण तास झाला होता.

"स्त्योपा, शुबिन, शाळेत पळा. हेडमास्तरांना म्हणावं दोर आणि घसरगाडी घेऊन ओढ्यावर या. बाकीचे माझ्यामागे, ओळीनं. जो ओळ सोडेल त्याचे कान माझ्या हातात!"

रिम्मा पुढे, बाई तिच्यामागे. "माग दिसतोय?" त्या दर दहा पावलांना विचारत. "दिसतोय... दिसतोय..." आणि मग रिम्मा थांबली. "इथून लाकडांचा ट्रॅक्टर गेलाय. सगळं पुसलंय."

मुलांनी एकच गिल्ला केला. "ग्लाशा! ग्लाशाऽ!"

"गप्प! एक शब्द नको! स्की हलवायची नाही, नाकसुद्धा ओढायचं नाही." एवढ्या थंडीत बर्फावर पाय जरा सरकला तरी करकर वाजतं. जंगल शांत झालं. बाईंना स्वतःचे ठोके तेवढे ऐकू येत होते, आणि तेही नकोसे झाले होते. ग्लाफिरा भित्री. चोरी पकडली गेली म्हणून हाकेला ओ द्यायची नाही, गारठून मरेल पण तोंड उघडायची नाही. तिला बाई ओळखून होत्या. पण गेली साडेचार वर्षं दहामागून अकरा म्हणायची तिच्या जिभेला सवय होती.

"नऊ आणि दहा, फक्त तुम्ही म्हणा. मोठ्यानं."

"नऊ!" "दहा!"

कुठेतरी फांदीवरचा बर्फ पडला. बस.

"पुन्हा."

"नऊ!" "दहा!"

आणि खाली, डाव्या अंगाला, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज: "अकरा."

बाई आवाजाच्या रोखानं उताराला लागल्या. दोनदा आपटल्या. मागे कोणी हसलं नाही. ग्लाफिरा ओढ्याच्या काठाला बसली होती, एक पाय गुडघ्यापर्यंत बर्फाच्या पापुद्र्याखाली, स्की आडवी अडकलेली. बाईंनी पोटावर आडवं होऊन चाचपत पट्टा सोडला, पाय ओढून काढला, ओला बूट फेकला आणि तो लाकडासारखा पाय आपल्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरला. "रागवा ना मला," पोरगी म्हणत होती. बाईंना रागवता येईना. त्या नुसत्या पाय चोळत होत्या आणि रडत होत्या.

घसरगाडी आली, शाळेत नेलं, नर्सबाई म्हणाली बोटं वाचतील. त्यानंतर व्हरांड्यात रिम्मा उभी असलेली बाईंना हुंदक्यांवरून कळली.

"माझ्यादेखत दोघींचे नंबर बोलायची छाती कशी झाली गं तुझी?"

"तुम्हाला दिसत नाही ना."

"कोण म्हणतं?"

"आम्हाला माहितीये. गेल्या वर्षी तुम्ही झाडाच्या खुंटाला ओरडलात, 'शुबिन, टोपी नीट घाल.' शुबिन तुमच्या मागे होता." रिम्मानं डोळे पुसले. "सांगितलं तर तुम्हाला काढतील, म्हणून आम्ही कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं. उतार आला की स्त्योपा ओरडतो ना, 'उतार आला, सांभाळा'? ते आमच्यासाठी नसतं."

बाईंनी त्या स्त्योपाला बडबड्या म्हणून दोनदा रांगेबाहेर उभं केलं होतं.

त्या तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. अर्काडी सावेल्येविच चहा ओतत होते. "बसा, फाइना गोर्देयेव्ना. निभावलं म्हणायचं. मी काही लिहीत नाही वर. पोरीनंच वाट सोडली, तुमचा काय दोष?"

"अर्काशा," बाईंनी तो विद्यार्थी होता तेव्हाच्या नावानं हाक मारली, "मला दिसत नाही."

त्यांनी किटली खाली ठेवली.

"ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हटलं, जून काही लांब नाही, मानानं निरोप देऊ."

"मानानं!" बाईंचा आवाज चिरकला. "माझा मान राखायला एकवीस लेकरं आंधळीच्या हवाली केलीस? घरी तुझी स्वतःची पोर आहे ना रे?"

हेडमास्तरांनी मान खाली घातली. बाईंचा राग जेवढ्या झटक्यानं आला तेवढ्याच झटक्यानं गळाला, आणि त्या खुर्चीवर मटकन बसल्या.

"तू दिलीस, पण घेऊन गेले मीच," त्या म्हणाल्या. "लिही. उद्यापासून बाई जंगलात जाणार नाहीत, आणि का जाणार नाहीत, तेही लिही."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि कागद पुढे सरकवला. बाईंनी लेखणी घेतली. सही कुठे करायची ते त्यांना दिसेना, तेव्हा अर्काडीनं त्यांचा हात धरून कागदाच्या तळाशी नेऊन ठेवला.