भिंतीवरचा कडुलिंब

भवानी पेठेतले आमचे चित्रकार अजूनही जवसाच्या तेलात रंग स्वतः घोटतात आणि जागेवर बसूनच निसर्गचित्र काढतात. प्रदर्शनात कुणी कलेच्या आत्म्यावर बोलू लागलं, की ते तपकीर ओढतात. तळ्याकाठच्या कडुलिंबाचं त्यांचं चित्र मी त्या झाडासाठीच विकत घेतलं होतं.

रस्तारुंदीत ते झाड तोडलं. दुसऱ्या दिवशी चित्रकार रंगपेटी घेऊन माझ्या घरी आले, भिंतीवरचं चित्र उतरवलं आणि झाडावर आभाळ रंगवू लागले.

"अहो, हे काय करताय?"

"तितं झाड न्हाय आता. खोटं कसं ठेवायचं?"

चित्राचा मालक मी होतो. त्यांना अडवायला हवं होतं का, हे अजून कळत नाही. जाताना म्हणाले, "तितं दुसरं लावलं कुणी, तर सांगा की. येतो परत."