पिक्चर मोडून बघणारे धन्यकुमारअण्णा

हळदीच्या धंद्यातला माणूस बोटांवरून ओळखावा. समडोळीच्या धन्यकुमारअण्णांच्या बोटांना लिंबू चोळा, साबण लावा, पिवळी ती पिवळीच. चाळीस वर्षं ते सांगलीच्या बाजारात एका अडत्याकडे माल पारखायला होते. पोत्यातल्या वरच्या थराकडे ते ढुंकूनही बघत नसत. वरचा माल म्हणजे पाहुण्यांपुढे काढलेल्या कपबश्या, असं त्यांचं म्हणणं. हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधलंच एक हळकुंड काढायचं, कट्‌कन मोडायचं, आतला गाभा बघायचा आणि दोन शब्दांत निकाल द्यायचा. त्या निकालावर शेतकरी चिडायचे, पण तो खोटा निघाला असं कुणी कधी म्हटलं नाही.

आता सवय ही अशी चीज आहे, की ती माणसाला घरापर्यंत सोडायला येते आणि परत जायचं नाव घेत नाही. भेंडीचं टोक तर सगळेच मोडून बघतात. अण्णा बिस्किटांचा पुडा घेतला की दुकानातच फोडून मधलं बिस्कीट मोडायचे. मुलगा भरतेश लग्नाचा झाला, कुंडलला मुलगी बघायला गेले, तर नाव, शिक्षण, स्वयंपाक हे वरच्या थराचे प्रश्न सोडून अण्णांनी सरळ मध्येच हात घातला. घरात भांडण झालं तर आधी कोण बोलतं, असं त्यांनी दीपालीला विचारलं. ज्याला आधी भूक लागते तो, असं ती म्हणाली. अण्णांनी तिथल्या तिथं सुपारी फोडायला सांगितली.

इथवर सगळं ठीक होतं. माल चोख, सूनही चोख. पुढे अण्णा कामावरून निवृत्त होऊन घरी बसले, भरतेशनं भिंतीवर हा एवढा टीव्ही लावून त्यात तीन-चार ॲप घालून दिली आणि घराचे ग्रह फिरले.

जैनाच्या घरात दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली असतात. साडेसहाला यांच्याकडे भांडीसुद्धा घासून पालथी. पुढे सगळी संध्याकाळ आडवी पसरलेली, आणि तोंडात टाकायला शेंगा नाहीत की चुरमुरे नाहीत. अशा वेळी माणसानं पिक्चर बघू नये तर करावं काय? चौघंही टीव्हीपुढे बसत. अण्णा रिमोट घेऊन खाटेवर, त्यांच्या पत्नी गुणमालाबाई खाली चटईवर देवळासाठी फुलवाती वळत, भरतेश आणि दीपाली सोफ्यावर. नऊ वाजता अण्णांची झोपायची वेळ. म्हणजे अडीच तास हाताशी. एवढ्या वेळात कुठलाही पिक्चर बसतो. या घरात मात्र तो कधीच बसला नाही.

कारण अण्णा पिक्चर मोडून बघायचे.

बाहेरच्या चित्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पिक्चर लावला की ते बटण दाबून तो थेट मध्यावर नेत, दोन मिनिटं डोळे बारीक करून बघत, मग शेवटाकडे पळवत आणि शेवटची दोन मिनिटं बघत. लगेच निकाल. हा वरनं फुगलाय, आत फोपसा हाय. ह्याचा गाभा काळा पडलाय. ह्याला वासच न्हाई. पुढचा दाखवा. बरं, एखादा माल खरोखर चांगला निघाला, तर तो बघायला मिळावा ना? तेही नाही. आता शेवट कळलाच हाय की, मग बघायचं कशाला, म्हणून अण्णा तोही बाजूला सारत. म्हणजे वाईट पिक्चर वाईट म्हणून गेला आणि चांगला पिक्चर कळला म्हणून गेला. तीन वर्षांत त्या घरानं चारएकशे पिक्चरचे मध्य आणि शेवट बघितले. सुरुवात मात्र एकाचीही नाही.

गावाचं नुकसान वेगळंच. अण्णांना सगळ्याचे शेवट पाठ, आणि ते पोटात ठेवायची विद्या त्यांना अवगत नव्हती. नाभिक तानाजी आठवडाभर एक खुनाची सिरीज बघत होता. अण्णांची दाढी करता करता त्यानं सहज तिचं नाव काढलं. अण्णा म्हणाले, त्यात मेव्हण्यानं मारलेलं असतंय बघ. तानाजीचा वस्तरा गालावर थबकला. त्या दिवशी अण्णा अर्ध्या दाढीनं घरी आले. तेव्हापासून पिक्चर बघणारी माणसं अण्णा दिसले की बोळ बदलू लागली.

या सगळ्यात कुणाचे खरे हाल होत असतील तर गुणमालाबाईंचे. त्यांना पिक्चरची मनापासून हौस. लग्नानंतर अण्णांबरोबर दोनदा सांगलीला थिएटरात गेल्या होत्या, दोन्ही वेळा शेवटची एसटी चुकेल म्हणून अण्णांनी मध्यंतरानंतर उठवलं होतं. थिएटरात शेवट नाही, घरी सुरुवात नाही. सुरुवातीच्या पाट्यांपासून शेवटच्या पाट्यांपर्यंत एक आख्खा पिक्चर नवऱ्याशेजारी बसून बघायचा, एवढी एकच इच्छा त्या बाईच्या मनात एक्केचाळीस वर्षं राहून गेली होती. बोलल्या कधी नाहीत. हात वाती वळत राहायचे.

चातुर्मासातल्या एका संध्याकाळी मात्र त्या बोलल्या. टीव्हीवर एक बाई टेंपो चालवत घाट चढत होती. गुणमालाबाईंचा हात थांबला. “त्ये ऱ्हाऊ द्या की,” असं त्या हळूच म्हणाल्या. अण्णांनी प्रेमानंच पिक्चर शेवटाला नेला, बघितला आणि सांगितलं, की टेंपो शेवटी नदीत जातोय, ठेवून उपयोग न्हाई. गुणमालाबाईंनी कापूस गोळा केला, उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी वाती तिकडेच. तिसऱ्या दिवशीही तिकडेच.

अण्णांनी रिमोट चालवून बघितला, पण गोडी लागेना. निकाल द्यायचा तर कुणाला द्यायचा? तोंडातून “फोपसा हाय” बाहेर पडायचं आणि रिकाम्या चटईवर जाऊन पडायचं. घर खायला उठलं होतं. आपलं काही चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय चुकलंय ते कळत नव्हतं, आणि विचारायचं तर पारख्याचं नाक आडवं येत होतं.

तोडगा काढला दीपालीनं. गावच्या जैन मंदिरात अभिषेकाचा पहिला कलश कुणाचा, याचा सवाल होतो. जो चढी बोली बोलेल त्याला मान. शिवाय चातुर्मासात जो तो काही ना काही सोडायचा नेम घेतोच. कुणी गोड सोडतं, कुणी चप्पल सोडतं. दीपालीनं या दोन्हींची मोट बांधली. आजपासून रिमोटचा सवाल, आणि बोली नेमाची. जो जास्त अवघड गोष्ट सोडेल त्याच्या हातात रिमोट, आणि त्यानं लावलेला पिक्चर कुणी हलवायचा नाही. अण्णांनी मिशीत हसून मान डोलावली. सौद्याच्या गर्दीत उभी हयात काढलेला माणूस तो, घरच्या सवालाला काय भिणार?

भरतेशनं दिवसभर मोबाईलवर क्रिकेट न बघण्याची बोली लावली. अण्णांनी आठ दिवस बटाटा सोडला. दीपालीनं अदबीनं सांगितलं, की या घरात सात पिढ्यांत कुणी बटाटा खाल्लेला नाही, बोली बाद. अण्णांनी कांदा सोडला. तीही बाद. मग अण्णा इरेला पेटले आणि म्हणाले, चार दिवस चहा बंद. दिवसाला पाच कप पिणारा माणूस. भरतेशनं ताबडतोब माघार घेतली, कारण बिनचहाचे अण्णा ही शिक्षा अण्णांपेक्षा त्यालाच जास्त झाली असती. दीपाली एकवार म्हणाली, दोनवार म्हणाली, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

“तुमच्या वस्तू कुठं हायत त्ये सांगायचं मी आठ दिवस सोडलं,” गुणमालाबाई म्हणाल्या. “चष्मा, गोळी, टोपी, किल्ली. सगळं.”

अण्णांच्या डोळ्यांपुढे ते आठ दिवस उभे राहिले. त्यांनी हरकत घेतली, की नेमाचा त्रास घेणाऱ्याला व्हायला पाहिजे, इथं तो तिसऱ्यालाच होतोय. गुणमालाबाई शांतपणे म्हणाल्या, की एक्केचाळीस वर्षांची सवय हाय, न सांगता बसणं मलाच जड जाणार. दीपालीनं तीनवार म्हणून सवाल तोडला आणि रिमोट सासूबाईंच्या हातात दिला.

गुणमालाबाई चटईवर बसल्या आणि पडद्यावर जो पहिला पिक्चर दिसत होता त्यावरच बटण दाबून मोकळ्या झाल्या. अण्णा तळमळले. नाव वाचलं नाही, कोण आहे ते बघितलं नाही, ही काय माल घ्यायची पद्धत झाली? निदान मोडून तरी बघ, असं ते काकुळतीला येऊन म्हणाले.

“आवं, लग्नात तुमाला तरी कुठं मोडून बघितलं हुतं मी?”

भरतेश सोफ्यावर आडवा झाला. दीपालीनं पदर तोंडात धरला. आपण पोत्यात पडलेलं हळकुंड आहोत असं अण्णांना जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि ते निमूट पाय वर घेऊन बसले.

पिक्चर सुमार होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बँड पथकातला एक म्हातारा क्लॅरोनेटवाला, लोकांच्या लग्नांत वाजवण्यात त्याचा जन्म गेलेला, आणि आता स्वतःच्या मुलीच्या लग्नात वाजवायला निघालेला. घरातून निघताना त्याचा सदरा निळा होता, दाराबाहेर पडल्यावर पिवळा झाला. अण्णांची बोटं शिवशिवत होती. ती त्यांनी मांडीखाली दाबून धरली. पण तासाभरानं काय झालं कुणास ठाऊक. म्हाताऱ्याचं वाद्य हरवलं, ते सापडलं, एसटी चिखलात रुतली, आणि अण्णा हळूहळू पुढे सरकत खाटेच्या काठावर आले. हा पोचतोय का न्हाई, असं ते कुणालाही न विचारता दोनदा मोठ्यानं बोलले. म्हातारा क्लॅरोनेट छातीशी धरून पळत सुटला, तिकडे मंगलाष्टका सुरू झाल्या, आणि लाईट गेली.

घरात अंधार गुडुप्प. अण्णांनी चष्मा काढून कपाळ पुसलं. गुणमालाबाईंनी थोडा वेळ वाट बघितली, उद्या बघू म्हणाल्या आणि आत जाऊन झोपल्याही. भरतेशनं मोबाईल पुढे केला. शेवटची दहाच मिनिटं राहिलीत, ह्यावर बघून टाका, असं त्यानं सुचवलं. अण्णांचा हात अर्ध्यापर्यंत गेला. मग त्यांनी चटईकडे बघितलं.

“नगं,” ते म्हणाले. “ती झोपलीया.”

भरतेशनं काळजीनं बापाच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

सकाळी लाईट आली तेव्हा गुणमालाबाई मंदिरात गेल्या होत्या. अण्णा आंघोळ करून खाटेवर येऊन बसले. आदल्या रात्रीचा पिक्चर तिथंच थांबून होता आणि रिमोट मांडीशी होता. एक बटण दाबलं की सुटका. अण्णांनी ते दाबलं नाही. पाऊण तास ते हात जोडून बसले. मंदिरातसुद्धा ते इतके कधी बसले नसतील. गुणमालाबाई आल्या, नवरा कशासाठी थांबलाय हे त्यांना दारातच कळलं, आणि पूजेची थाळी खाली ठेवायच्या आधीच त्या चटईवर बसल्या.

आणि मग अण्णांच्या लक्षात आलं, की चष्मा नाही. खाटेवर नाही, खिडकीत नाही, खिशात नाही. चष्म्याशिवाय टीव्ही म्हणजे त्यांना नुसता रंगांचा काला. चष्मा कुठाय हे गुणमालाबाईंना माहीत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच असणार, पण तो चेहराही अण्णांना धड दिसत नव्हता. त्यांनी हातापाया पडून विचारलं. गुणमालाबाई म्हणाल्या, की नेम घेतलाय, मोडता यायचा न्हाई.

“पर पिक्चर काय सांगायचा सोडलेला न्हाई मी,” त्या म्हणाल्या. “तुमी ऐका, मी सांगत्ये.”

पिक्चर सुरू झाला. म्हातारा पळतोय, गुणमालाबाई सांगू लागल्या. मांडव दिसायला लागला. मंगलाष्टका संपत आल्यात, पण पोरीचं लक्ष रस्त्याकडंच हाय. अण्णा श्वास धरून ऐकत होते. तेवढ्यात टीव्हीत गाडीचे ब्रेक करकचले, माणसांचा गलका झाला, आणि कुणीतरी मोठ्यानं हंबरडा फोडला.

“कोण रडतंय गं?”

“पोरगी. बाप आला म्हणून.”

रडणं थांबेना. त्यात आणखी दोन-चार बायकांचं रडणं मिसळलं. गुणमालाबाईंचा आवाज मात्र हलला नाही. म्हातारा मांडवात आलाय, जावयानं वाकून नमस्कार केलाय, सगळ्यांनी त्याला वाट करून दिलीय, असं त्या एका दमात सांगत राहिल्या. स्वयंपाकघरातून दीपालीची धूसर आकृती दाराशी आली, टीव्हीकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि तशीच परत गेली.

“मग, वाजवली का त्यानं?” अण्णांनी विचारलं.

“वाजवली की. सगळी उठून नाचाय लागल्यात बघा.”

अण्णांनी कान लावला. टीव्हीत क्लॅरोनेट नव्हतं. नुसता पाऊस पडत होता आणि एक मुलगी हुंदके देत होती. मग तेही थांबलं आणि शेवटच्या पाट्यांचं संगीत लागलं. पाट्या संपेपर्यंत दोघंही जागची हलली नाहीत.

“चांगला हाय पिक्चर,” अण्णा म्हणाले.

“हाय न्हवं?”

अण्णांनी चाचपडत रिमोट शोधला, खाली वाकले आणि तो तिच्या हातात दिला.

“उद्या बी तूच लाव.”