जावयाचे नवे बूट

खांडव्याहून महूकडे जाणाऱ्या छोट्या लाईनीवर घाट सुरू होण्याआधी एक स्टेशन लागतं. तिथे गाडीला मागून दुसरं इंजिन लावायचे. तेवढ्या वेळात अर्धी गाडी खाली उतरायची, पळसाच्या पानातला कलाकंद घ्यायची आणि इंजिन कसं जोडतात ते बघत उभी राहायची. आम्ही जळगावची माणसं. आगगाडी म्हणजे सपाट काळ्या जमिनीवरून, केळीच्या बागांमधून सरळ धावणारी वस्तू, एवढंच आम्हाला माहीत. इथे गाडी डोंगराला बिलगून वळत होती. वळणावर खिडकीतून डोकं काढलं की आपलंच पुढचं इंजिन दिसायचं. बोगदा आला की डबाभर आरडाओरडा. पुलावरून जाताना खाली दरी, दरीत गढूळ तांबडं पाणी, आणि गाडी अशी सावकाश की आई हात जोडून बसली होती.

हे वर्णन मी पुढे अकरा वर्षं कुणाजवळ केलं नाही. त्या सहलीबद्दल आमच्या घरात कुणीच बोलत नसे. मी बोललो असतो तर एक गोष्ट सांगावी लागली असती. ती आता लिहितो.

पंच्याऐंशी साली अधिक श्रावण आला होता. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. अधिकातलं जावयाचं वाण द्यायचं म्हणून नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अक्काला आणि जिजाजींना अमळनेरहून पिंप्राळ्याला, जळगावातल्या आमच्या घरी, बोलावून घेतलं. अनरसे झाले, धोतरजोडी झाली. त्यावर नानांनी जिजाजींना काळे चामड्याचे बूट घेतले. जिजाजी शाळेत चित्रकलेचे मास्तर. जन्मभर चपलेत वावरलेला माणूस. बूट हातात घेऊन ते नुसतेच बघत राहिले.

मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात होतो. तसलेच बूट मी नानांजवळ दोन दिवाळ्या मागत होतो.

"जवाई होशील तेव्हा भेटतील," नाना म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

खांडव्याला मावशी होती. तिच्याकडे मुक्काम करून जावयाला घाट आणि धबधबा दाखवायचा असं ठरलं. जिजाजींनी वही आणि पेन्सिल घेतली. गाडीत ते खिडकीशी बसून पुलाचं चित्र काढत होते. शेजारी अक्का खुशीत होती. म्हणाली, "मला नका पाठवू आता अमळनेरला. मी इथंच डोंगरात राहते."

"आणि आमचे पाहुणे?" आईनं विचारलं.

"त्यांना काय, त्यांची आई आहे. आपण असलो काय, नसलो काय."

पुन्हा सगळे हसले. जिजाजीही हसले आणि परत वहीत बघायला लागले. हे मी मुद्दाम सांगतोय. हे वाक्य पुढे फार महाग पडलं.

घाटमाथ्याच्या स्टेशनवर आम्ही उतरलो. तिथून धबधबा चालत जाण्याइतका जवळ. पाऊस उघडला होता. नदी खडकावरून सपाट वाहत येते आणि एकदम संपते. काठाशी जाऊन बघितलं तर खाली नुसतं पांढरं धुकं, आणि आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. आमच्या मुलखात नदी म्हणजे आठ महिने वाळू. एवढं पाणी एका जागी आम्ही कधी पाहिलं नव्हतं. नाना तर दोनदा म्हणाले, "हे असंच वाया जातं?"

काठापासून लांब, एका मोठ्या खडकावर चादर पसरून आम्ही जेवायला बसलो. बट्ट्या, घट्ट वरण, अनरसे. जेवणाच्या चादरीवर पायातलं घालून कोण बसेल? सगळ्यांनी काढून ठेवलं. जिजाजींना बूट चावत होते. त्यांनी ते काढून मोजे आत खोचले आणि हुश्श केलं.

जावयाचे जोडे लपवायची पद्धत सगळीकडे आहे. लग्नात लपवतात, त्यावर हौसेनं काहीतरी उकळतात, परत देतात. आमच्याकडे हा मान मेहुणीचा, पण मला दुसरी बहीण नव्हती, म्हणून लग्नात ते काम मीच केलं होतं. तेव्हा जिजाजींनी मुकाट्यानं सबंध मांडव शोधला, पण एका शब्दानं "दे" म्हणाले नाहीत. लाजरा माणूस. त्याची मला फार मजा वाटली होती.

जेवण झाल्यावर जिजाजी जरा झाडाखाली आडवे झाले. मी बूट उचलले आणि काठाकडे गेलो. तिथे करवंदीची एक जाळी होती. जाळीच्या पलीकडे, काठाच्या एक हात खाली, खडकाला पाटासारखी जागा होती. वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशी. मी तिथे बूट ठेवले. फेकले नाहीत. जावयाच्या पायातलं फेकत नाहीत, एवढं वळण मला होतं. नवे कोरे बूट. टाचेला टाच लावून, टोकं दरीकडे करून, मोजे नीट घडी करून मी ते ठेवले. ठेवताना एकदा पायात घालूनही बघितले. मला बरोब्बर बसत होते.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की गाडी लवकर येतेय. मग जी पळापळ झाली! आईनं वरणाचं पातेलं माझ्या हातात दिलं, नानांनी चादर गुंडाळली. जिजाजी उठून इकडेतिकडे बघत होते. अक्का म्हणाली, "चला ना!" ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच." माझ्याकडे त्यांनी बघितलं. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी विसरलो, असं मी स्वतःलासुद्धा पुष्कळ वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. स्टेशनवर पोचेपर्यंत बूट माझ्या डोक्यात होते. मला वाटलं, अनवाणी येऊ दे. गाडीत सगळ्यांसमोर अनवाणी बसेल. नाना विचारतील, बूट कुठे गेले, दोन दिवस नाही सांभाळता आले? आपण पुढच्या रविवारी येऊन काढून नेऊ. काढून कुणाला देणार होतो, तेही तेव्हा ठरलेलं नव्हतं.

गाडी आली, आम्ही चढलो. गर्दी होती. छोट्या लाईनीच्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नाही. "मागच्या डब्यात चढले असतील," आई म्हणाली. गाडी घाट उतरली. त्याच खालच्या स्टेशनवर थांबली तेव्हा मी उतरून पळत सगळे डबे बघितले. कलाकंदवाले ओरडत होते. मी एकेका खिडकीत तोंड घालून "जिजाजी, जिजाजी" अशा हाका मारत होतो. शेवटच्या डब्यानंतर नुसते रूळ होते. मी तिथे उभा राहिलो. माझ्या हातात अजून वरणाचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं नव्हतं, हे मला नानांनी येऊन हातातून घेतलं तेव्हा कळलं.

जिजाजी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली डोहाच्या कडेला सापडले. बूट त्याआधी सापडले, वर, मी ठेवले होते तिथे. जाळीपर्यंत ते पोचले असतील, वाकले असतील. ओला खडक, अनवाणी पाय. हे मी आज मांडू शकतो. तेव्हा हवालदारानं ते बूट बघितले, टाचेला टाच लावलेले, मोज्यांची घडी केलेले, आणि मान हलवली.

"जूते उतारकर गया है," तो नानांना म्हणाला. "घर में कुछ झगड़ा वगैरा?"

"नहीं साहब," नाना म्हणाले.

आणि अक्का, जी तोवर रडलीसुद्धा नव्हती, एकदम म्हणाली, "मीच बोलले होते. गाडीत. म्हटलं, आपण असलो काय, नसलो काय."

मी तिथेच उभा होतो. दोन हातांवर. तोंड उघडायचं होतं फक्त. मला वाटलं, आत्ता सांगू, हवालदार गेला की सांगू. मग वाटलं, दहावा झाला की सांगू. तोपर्यंत अमळनेरच्या लोकांनी अक्काचं सामान रिक्षात घालून पाठवून दिलं होतं. जिजाजींची आई दारात म्हणाली म्हणे, "मना पोऱ्या हिन्या तोंडमुळे गया." माझा मुलगा हिच्या तोंडामुळे गेला.

अक्का पिंप्राळ्यात आमच्याकडे राहिली. शिवणाचं मशीन घेतलं, कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला लागली. ती बोलायची कमी झाली, एवढंच बाहेरच्याला दिसायचं. मला दिसायचं ते वेगळं. कुणी तिला साधं काही विचारलं तरी ती उत्तर देण्याआधी थांबायची, जणू शब्द पारखून बघतेय. पुढे तीन अधिक महिने येऊन गेले. घरात अनरसे झाले नाहीत. नाना वारले. त्यांनाही मी सांगितलं नाही.

शहाण्णव साली माझं लग्न झालं. सासर धुळ्याचं. आणि त्याच वर्षी अधिक आषाढ आला. सासऱ्यांनी बोलावलं, ताटाखाली वाण ठेवलं आणि शेवटी एक खोकं पुढे केलं. काळे चामड्याचे बूट. मी ते घातले. नाही कसं म्हणणार? जेवण झालं, ओट्यावर आलो तर बूट नव्हते. दाराआड मेहुणी आणि तिच्या मैत्रिणी खिदळत होत्या.

"शोधा शोधा, जिजाजी! सोन्याची अंगठी घेतल्याशिवाय नाही मिळणार!"

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी अनवाणी अंगणात उतरलो. पायाखाली फरशी ओली होती, आणि माझे पाय पुढे जाईनात. मी ओरडलो, "आण! आत्ताच्या आत्ता आण!" इतक्या मोठ्यानं की शेजारचे बाहेर आले. ती बिचारी पोर रडत बूट घेऊन आली. पाण्याच्या टाकीमागे ठेवले होते. मी ते घातले नाहीत. बायकोला म्हटलं, मला जळगावला जायचंय, आणि सासऱ्यांच्या जुन्या स्लिपर घालून एस.टी. स्टँड गाठलं.

अक्का मशीनवर बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बूट, जाळी, मोज्यांची घडी, पायात घालून बघितले तेही. तिनं मशीन थांबवलं नाही. बराच वेळ सुई चालत राहिली. मग थांबली.

"म्हणजे ते बूट शोधत होते?"

"हो."

"म्हणजे त्यांना गाडीत यायचं होतं."

"हो, अक्का."

ती हसली. मी मार खायच्या तयारीनं गेलो होतो, शिव्या खायच्या. ती हसली आणि तिचा चेहरा लग्नाला दीडच वर्ष झालेल्या नवरीसारखा झाला, त्या गाडीतल्यासारखा. त्या हसण्यानं मी जितका हादरलो तितका रिकाम्या रुळांवरही हादरलो नव्हतो. अकरा वर्षं तिच्यापासून काय काढून घेतलं होतं ते मला तेव्हा समोर दिसलं. मग हसणं गेलं.

"नाना माझं ते वाक्यच मनात घेऊन गेले," ती म्हणाली. "तू खांदा दिलास त्यांना." आणि थोड्या वेळानं, "ऊठ. अमळनेरला चल. त्यांच्या आईला तू सांगायचंस. मी नाही."

संध्याकाळच्या पॅसेंजरनं गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती, दिसायला कमी झालं होतं तिला. मी तिच्यासमोर उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि चाचपडत अक्काचा हात धरला. "माय, मी तुले घरमातून काढं," एवढंच म्हणाली, आणि दोघी आत गेल्या. मी अंधार पडेपर्यंत बाहेर थांबलो. कुणी बोलावलं नाही. एकटाच परतलो. अक्का तिथेच राहिली. चार दिवसांनी मशीन मागवून घेतलं.

त्या घरात पितृपक्षात जिजाजींचं पान कधी वाढलं गेलं नव्हतं. ज्यानं स्वतः जीव दिला त्याला कसलं जेवण, असं तिथल्या मोठ्यांचं म्हणणं. त्या वर्षी पान वाढायचं ठरलं. अक्कानं शेजाऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवली : चतुर्दशीला जेवायला ये.

मी गेलो. बायकोनं मागाहून आणलेले धुळ्याचे तेच बूट घालून गेलो. मुद्दाम. दारात काढले, आत गेलो. खीर, उडदाचे वडे, भेंडी. कावळ्याला ठेवलेलं पान गेलं तेव्हा अक्कानं डोळे पुसले. माझ्या पानात तिनं वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. आजही पुरतं बघत नाही. मला त्याची तक्रार नाही.

जेवून बाहेर आलो. बूट मी काढले तिथेच होते. म्हातारी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली होती, एक हात बुटांवर ठेवून.

"घाल," ती म्हणाली. "गाडी चुकी जाई तुनी."